उत्तमचा हिरवा रंग

४ मार्च २००३

उत्तमने आजही एक अक्षर लिहिलं नाही! परळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आमचा तिघांचा गट — मी, मंजुळा आणि तो. तिघांचे कॉम्प्युटर वायरने जोडलेले, फाईल एकच. मी लिहिलं की लाल दिसतं, मंजुळाचं निळं, उत्तमचं हिरवं. विषय ब्याऐंशीच्या गिरणी संपाचा. प्रत्येक भागात तिन्ही रंग हवेत, नाहीतर तिघंही नापास, असं सरांनी बजावलंय. सर्टिफिकेट नाही म्हणजे लोअर परळची डेटा एन्ट्रीची नोकरी गेलीच.

सुरुवातीला हाच उत्तम कीबोर्ड सोडत नव्हता. मध्येच काय झालं याला? डोकंच चालत नाही माझं.

६ मार्च

सर म्हणाले, एकमेकांचा उत्साह वाढवा. म्हणजे नक्की काय करायचं? मंजुळाने त्याला वडापाव खाऊ घातला. खाल्ला. लिहिलं नाही.

१० मार्च

तो गप्प कधी झाला ते आठवून पाहिलं. ‘संप कसा फुटला’ हा भाग त्याचा. लालबागला त्याच्या चाळीतल्या जुन्या कामगारांना विचारून लिहायचा होता. एका रविवारी विचारून आला आणि सोमवारपासून तोंड बंद. त्याचे वडील दगडूकाका शेवटपर्यंत संपात. मग लाज कसली?

की माझं वाक्य लागलं? ‘जे गिरणीत शिरले त्यांनी आपल्याच माणसांच्या पोटावर पाय दिला.’ सरांना जाम आवडलं होतं. उत्तमने पुसलं, मी परत घातलं. तो म्हणतो, “हा भागच काढूया ना.” का विचारलं तर खिडकीबाहेर बघतो. मी भडकले, सगळ्यांसमोर आळशी म्हटलं. ऐकून घेतलं. उलट जाताना माझ्या टायपिंगची चूक दाखवून गेला! काय माणूस आहे, कळतच नाही.

बाबाही तेव्हा गिरणीतच होते, पण घरी संपाचं विचारावं तर त्यांना लगेच झोप येते.

१२ मार्च

परवा फाईल द्यायची. उत्तमला न सांगता मीच गेले लालबागला. दगडूकाकांनी चहा दिला, संपाचं सांगताना छान रंगात आले होते. मग विचारलं, कुणाची गं तू? म्हटलं, राजाराम तळेकरांची, नायगावला राहतो. आधी इथेच होतो म्हणे, मी तान्ही असताना सोडलं. काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, आता काही आठवत नाही बघ. निघताना मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवला. का?

१३ मार्च

बाबांना सरळच विचारलं, संपात तुम्ही काय केलंत? चप्पल पुसत बसले होते, पुसतच राहिले.

“गेलो होतो गिरणीत, संप चालू असताना. पोलिसांच्या गाडीतून.”

का गेलात, ते सांगेनात. आई मोरीत भांडी घासत राहिली. मला बाबांचा राग येतोय आणि रडूही येतंय. उत्तमला हे त्या रविवारपासून माहीत होतं. मी त्याला आळशी म्हटलं!

१४ मार्च

त्याचा भाग मीच लिहायला घेतला, लाल अक्षरात. ‘माझे वडील राजाराम तळेकर संपात कामावर गेले.’ पुढे काय लिहावं सुचेना. तेवढ्यात खाली हिरवी अक्षरं उमटायला लागली —

‘त्यांच्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. घरात दाणा नव्हता. हे माझ्या वडिलांनी सांगितलं.’

तेव्हा पोटात होती ती मी.