न दिलेली अट

३, सोमवार
साठी उलटल्यावर नव्या नोकरीचा पहिला दिवस! निघताना ही हसली. म्हणाली, डबा विसरू नका, शाळेत चालल्यासारखे दिसताय. काम मोठं गोड आहे. इथे तांब्याच्या वेटोळ्यात पोलादी दांडा ठेवतात, वेटोळ्यातून वीज सोडतात आणि जाळ न लावता दांडा आठ सेकंदांत लालबुंद होतो. तेच मी आधी कॉम्प्युटरवर करून दाखवायचं. एक गणित चुंबकत्वाचं, एक उष्णतेचं. दोघं पावलापावलाला एकमेकांना विचारत पुढे सरकतात, कारण तापलं की पोलादाचा स्वभावच बदलतो. सगळं पुस्तकं चाळून शिकलोय. मशीन चालवणारी मुलगी अंगानं दांडगी, पण सगळे तिला चिमणी म्हणतात. काका, तुमच्या कॉम्प्युटरवर चहा तापतो का, असं तिनं आल्या आल्या विचारलं. जमणार आमचं.

५, बुधवार
सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन गणित चालवलं. उत्तर आठशे बासष्ट अंश. नंतर दांड्यावर मोजलं, तेही आठशे बासष्ट. साहेबांनी पाठ थोपटली, चिमणीनं टाळ्या पिटल्या. मला मात्र जेवण गोड लागलं नाही. गणित आणि लोखंड इतकं कधी जुळत नसतं. दहा-पंधरा अंश इकडे तिकडे व्हायलाच हवेत.

६, गुरुवार
चिमणी यायच्या आत एक खोडी काढली. सुरुवातीचं तापमान नेहमी वीस देतो, ते तीस दिलं. काचेच्या केबिनमधून उठून मशीनच्या खोलीत गेलो. रॅकवरचे सगळे दांडे कोमट. एसीमुळे कायम वीस दाखवणाऱ्या भिंतीवरच्या तापमापीतही तीस. घाईघाईनं पुन्हा वीस केले, ती यायच्या आत. कुणाला सांगू? म्हातारा चळला म्हणतील.

७, शुक्रवार
आजचं गणित लांबलचक, सकाळपासून चालू आहे. मशीनपाशी ठेवलेला चहा दोन तासांनीही जीभ पोळत होता. चिमणीला मौज वाटली. मी केबिनमध्ये येऊन एकेक ओळ तपासली. पृष्ठभागावरून उष्णता बाहेर जाते, ही अट मी दिलेलीच नाही. आठ सेकंदांत कितीशी जाणार, म्हणून सोडून दिलेली.
दिवसभर त्या खोलीत उभी असते ती एकटीच. दुपारी तिला ताप भरला.

८, शनिवार
इस्पितळातून तिच्या भावाचा फोन. ताप एक्केचाळीस सेल्सिअस, म्हणजे एकशे सहाच्या घरात. अंगावर बर्फ ठेवलाय, तो वितळतच नाही म्हणतो. कसा वितळेल — तिची ऊब बाहेर पडतच नाही, आणि अंग ऊब बनवायचं थांबत नाही.
गणित बंद केलं. पुन्हा फोन लावला. बर्फ तसाच.

दुपार
एकच उपाय. अट घालून गणित पहिल्यापासून. पण मग त्या खोलीत वावरलेलं सगळं सुरुवातीच्या आकड्यावर येणार. तीसुद्धा. वीस राहिले तर — नको.
सदतीस द्यायचे, निरोगी अंगाचे. दांडे सदतीसवर असले तर बिघडलं कुठे.
भाऊ रडतोय. बेचाळीस.

अट घातली. वीस खोडले. तीन टाकला. सात टाकायच्या आधी इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागून कुणाला —

पडद्यावर आकडे पळायला लागले. मी सुरू केलेलं नाही. सात अजून मी