बोल्टाखालचा निळा रंग

प्रिय दादा,

आधी बातमी, मग बाकीचं. शाळेची निळी व्हॅन सुरू झाली! काल दिवे, वायपर, पंखा सगळं लावून तिला तीनदा चढावावर नेलं, एकदाही बंद पडली नाही. ती चालवणाऱ्या काकू उतरल्या आणि माझे दोन्ही हात धरून नुसत्या हसत राहिल्या. शुक्रवारी मालक व्हॅन भंगारात काढणार होता, आणि तिच्याबरोबर काकूंची नोकरीही जाणार होती.

गाडीला जोडून दोष दाखवणाऱ्या माझ्या स्कॅनरला तू 'टीव्हीचा रिमोट' म्हणायचास, आठवतं? खरं सांगू, आधी त्यानेही मला तोंडघशी पाडलं. जोडला की दर वेळी नवा गुन्हेगार. आज वेगाचा सेन्सर, उद्या पेट्रोलचा पंप, परवा ब्रेक. तीन पार्ट बदलले तरी व्हॅन जैसे थे. अगदी रडकुंडीला आले बघ. मग तुझं ते वाक्य आठवलं, "सगळेच तक्रार करतात तेव्हा एकाला धरू नकोस, सगळ्यांची मिळून एक वायर असते, ती बघ." गाडीत साठलेले जुने दोष पुसून टाकले, इंजिन चालू ठेवून स्कॅनरवर व्होल्टेजचा आकडा लावून ठेवला आणि वायरींचा एकेक जुडगा हलवत गेले. बॅटरीमागे बॉडीला बोल्टने जोडलेली, सगळ्यांची मिळून असलेली ती अर्थिंगची वायर हलवली मात्र, चौदावरचा आकडा धाडकन नऊवर! इतका आनंद झाला म्हणून सांगू. बोल्ट तर चांगला घट्ट होता. उघडला, तर खाली चकचकीत निळा रंग. रंगातून वीज जाणार कशी? पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, आणि आकडा चौदावर असा बसला की हलायचं नाव नाही.

दादा, हाच एक बोल्ट तू कधी उघडला नाहीस. दोन महिने या व्हॅनशी झगडलास, सगळं तपासलंस, तेवढा सोडून. कारण व्हॅनचं रंगकाम झाल्यावर तो बोल्ट मी बसवला, तेव्हा तू विचारलं होतंस, "खालचा रंग खरवडून बसवलास ना?" आणि मी घरी जायच्या घाईत "हो" म्हणाले होते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास, आणि शेवटी "माझा हात गेला" म्हणून गॅरेज सोडून पार्टच्या दुकानात जाऊन बसलास. तुझा हात कुठेही गेला नव्हता. मी खोटं बोलले होते. हे फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून पत्र. हवं तेवढं रागाव, पण इथे येऊन रागाव. तुझे पाने पुसून, तेल लावून तुझ्याच खिळ्याला टांगलेत.

तुझीच,
खोटारडी छोटी