मुळेकाठची वाट

जोएलदादा,

राहुरीला विद्यापीठाच्या आमराईतून मुळा धरणाच्या काठाकाठानं जाणारी पळायची वाट मी शोधली आणि पहिल्यांदा तुलाच दाखवली. परवा मोबाईलवर बघते तर आपल्या पळायच्या ग्रुपवर तीच वाट आणि खाली तुझं नाव, 'मी शोधलेला मार्ग'! वर रविवारी ग्रुपच्या पुढं एकटा पळत शूटिंग करणार म्हणे.

पळ की. सकाळी पाणी लई भारी दिसतं, बगळे तर काय... असो. काठावर म्हाळूमामांचा मेंढ्यांचा वाडा आहे. मी तिथं रोज थांबते. मामा ओरडतात, "पोरी, कोन मागं लागलंय व्हय? च्या पी!" मी चहा पिते, तोवर त्यांची चार कुत्री माझे हात हुंगतात आणि मग वाट सोडतात. तू मात्र त्या दिवशी म्हणालास, "कुठं थांबतेस खेडवळांत? टाइम बिघडतो." माझ्यासोबत होतास म्हणून कुत्री गप्प बसली. न थांबता एकटा पळणारा त्यांना चोरच वाटतो. मागच्या महिन्यात एकाची पोटरी फाडली.

भाऊ आहेस, सांगायला पाहिजे, म्हणून सगळं लिहून ठेवलं. पत्र सोमवारी टपालात टाकीन.

तुझी चुलत बहीण,
मार्था