मुका जोड

१२ जाने. ९८
हॉलंडच्या दुकानवाल्या बाईंचा फॅक्स. कोल्हापुरी चपलांचा माल परत पाठवलाय. सगळा! खोकी बोटीवर चढलीसुद्धा. कारण एका ओळीत: चालताना आवाज येतो, तळ सैल आहेत. इथल्या निर्यात कचेरीत येण्याआधी तिकडे वकिलातीत व्यापाराचं काम बघायचो तेव्हा या बाईंकडे किती हेलपाटे घातले, माझं मला ठाऊक. नमुन्याचा जोड घालून त्यांच्या लाकडी जिन्यावर चढून दाखवलं होतं. तो जोड तर गपगुमान होता. मग हे काय?

१३ जाने.
सकाळीच चपला करणाऱ्या शंकरअण्णांकडे. ऑर्डर त्यांच्या नावावर, शिवण सगळ्या गल्लीची. फॅक्स समजावून सांगितला तर गडी हसायलाच लागला. तळ सैल नाहीत. प्रत्येक जोडाच्या तळात विंचू, म्हणजे आवाजाचा तुकडा, बसवलाय, चाल करकर वाजावी म्हणून. मी मागितला नव्हता, हौसेनं घातला.
"तुमचा नमुना मुका हुता सायेब. परदेशात पयल्यांदा नाव चाललंय, मुक्या चपला धाडून लाज काढायची व्हय?"
पायरीवर बसलो. चहा आला, तसाच गार झाला.
घरी आईला सांगितलं. ती अण्णांच्याच बाजूची.
"तुझं आबा कोपऱ्यावर आलं की करकर ऐकू यायची. मग मी तवा टाकायची. ह्यात वाईट काय हाय?"

१५ जाने.
बाईंना खुलासा धाडला: दोष नाही, मुद्दाम केलेली कारागिरी. कचेरीच्या दिल्लीतल्या साहेबांचा फोन. माल खपवा, संस्कृती शिकवू नका म्हणाले. चिडलो, पण हो हो केलं.

१९ जाने.
बाईंचं उत्तर. सभ्य. आपण येतोय हे अख्ख्या ऑफिसला कळावं असं त्यांच्या गिऱ्हाइकांना वाटत नाही म्हणे. बिनआवाजाचा माल मे अखेर दिला तर घेतील. फेब्रुवारीत नक्की कळवा. अट जुनीच, प्रत्येक तळावर कारागिराच्या नावाचा ठसा. ती अट मीच सुचवलेली, नावाला तिकडे भाव आहे म्हणून.
तसाच गल्लीत पळालो. वाटलं, अण्णा खूश होतील. ते चामडं कापायची रापी दगडावर घासत राहिले.
"करतो की मुक्या. गल्लीला काम पायजे. पर माझा ठसा त्येच्यावर पडायचा न्हाय."
मी थक्कच. ठसा नाही तर ऑर्डर नाही, गल्ली रिकामी बसेल. दोनदा सांगितलं. त्यांनी पुन्हा रापी दगडावर धरली.

२४ फेब्रु.
परतीची खोकी आली. गल्लीत ज्याच्या त्याच्या पायात तोच माल, चारी बाजूंनी करकर. एरवी हसलो असतो. अण्णा भेटले नाहीत. भेटायचं टाळतायत बहुतेक.

२७ फेब्रु.
आज बाईंना कळवायचं. होकाराचा एक, नकाराचा एक, दोन्ही फॅक्स टाइप करून बसलो होतो. मान वर केली तर कचेरीत टेबलासमोर अण्णा. दचकलोच. या माणसाची चाहूल बोळाच्या तोंडापासून लागते, आणि आज अख्खा व्हरांडा ओलांडून आला तरी पत्ता नाही. खाली बघितलं. पायात नवा, मुका जोड.
"चार दिस घालून हिंडतोय सायेब. घरातसुदिक कुणी वळून बघंना."
ठसा मारलाय का, एवढंच विचारलं.
त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढून दोन्ही फॅक्सवर ठेवली.
"बघा की."
ठसा असला तर अण्णा हरले, नसला तर गल्ली; पालथी करायला माझा हात उचलेना.