माझ्या ताटातल्या साली

शनिवार संध्याकाळ, यावल

माफी मागणार नाही. सोमवारी बाईंनी परत सांगितलं तरी नाही.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझा प्रयोग केळ्यांचा होता. एकाच फणीतली हिरवी केळी. अर्धी उघड्यावर ठेवली, अर्धी एका पिकलेल्या केळ्यासोबत डब्यात बंद केली. पिकलेल्या फळातून वायू निघतो, तो शेजारच्यांनाही पिकवतो. डब्यातली आधी पिवळी झाली. आज सकाळी दोन ताटांत दोन्ही मांडली आणि उद्घाटनाला पटांगणात गेले. परत आले तर पिवळ्यांच्या ताटात नुसत्या साली!

जळगावहून आलेल्या परीक्षकांनी खाल्ली. आमच्याकडे पाहुण्यांपुढे चहाच्या आधी केळी येतात, त्यांना वाटलं असेल तीच ही. पण शेजारी एवढा मोठा तक्ता लावला होता, तो वाचायला नको? वर मलाच विचारतात, “तुझा प्रयोग कुठे आहे?”

“तुमच्या पोटात, सर.”

बाईंनी माझा दंड धरला. “आधी माफी माग!” कशाची? त्या साली काय मी केल्या?

घरी आबांना सांगितलं. ते म्हणाले, “खरं हाये ना? मंग माफी कायले मागशीन?”

बक्षीस थर्मोकोलच्या ज्वालामुखीला. जाऊ दे. शाळेतून निघण्याआधी शिपाईकाका साली उचलायला आले, मी हात लावू दिला नाही. कारण शेजारची हिरवी केळी जशीच्या तशी होती, एकालाही कोणी बोट लावलं नव्हतं. मग तक्त्याखाली ठळक लिहून आले: ‘निष्कर्ष: डब्यातली केळी आधी पिकली. परीक्षकांनी स्वतः खाऊन खात्री केली.’