इंग्रजाविरुद्ध साक्षीदार नंबर तीन

१५ जुलै, मंगळवार. संध्याकाळ.
आजपासून रोजनिशी. मी प्रयागबाई सांगून राहिली, नात काजल लिहून राहिली. मले अक्षर येत नाही, पण डोकं आहे. अक्षर येणारे घरात तीन आहेत, त्यांच्या डोक्याचं मी पाहूनच राहिली. ही वही कोणी वाचायची नाही. काजलनंही नाही. तिनं फक्त लिहायची.

कारण असं. काजलच्या नववीत इंग्रज सरकारवर खटला भरून राहिले. प्रीती मॅडम इतिहास शिकवते. पुस्तकातून इंग्रज पोट्ट्यांच्या डोक्यात जात नाही म्हणून वर्गातच कोर्ट. तीन तुकड्या, तीन खटले. एकीत दुष्काळ, एकीत मीठ, काजलच्या तुकडीत कापड. नागपूर-कामठीचे माग इंग्रजानं बंद पाडले का नाही, ते ठरवायचं. चिठ्ठ्या टाकल्या. काजलले इंग्रजाचा वकील निघाला.

शिसारी आली. विणकर कोष्ट्याची पोट्टी, अन् इंग्रजाची वकील. निषेध म्हणून मी जेवली नाही.

रात्री थोडा भात खाल्ला. बीपीची गोळी उपाशीपोटी चालत नाही.

१७ जुलै, गुरुवार.
मॅडमले जुने लोक पाहिजेत साक्षीले. काजल ही गोष्ट दोन दिवस पोटात ठेवून होती. सुनेकडून, सरिताकडून समजली. मीच फोन लावला. सरिताच्या फोनात मॅडमचा फोटो आहे, त्याच्यावर बोट ठेवलं की लागते. मॅडम म्हणे, आजी, कामठीच्या विणकरांचं तुमच्या घरी काय ऐकलं होतं?

गडबडीत खळीची गोष्ट तोंडातून गेली. सूत मागावर चढवायच्या आधी त्याले खळ लावतात, तांदळाची, पातळ. माही आजी सांगे, विलायती कापड सस्तं आलं अन् आमच्या लुगड्यांले गिऱ्हाईक राहिलं नाही, त्या साली घरात तेवढी खळच होती. तिच्या मायीनं ती मीठ टाकून उकळली अन् पोरांले प्यायले देल्ली. मग सुताले लावाले काही उरलं नाही. बिना खळीचं सूत मागावर तुटत राहिलं, अन् माग थांबला.

मॅडमनं ती गोष्ट मले पुन्हा एकदा सांगाले लावली.  मग म्हणे, आजी, बस, एवढंच सांगा वर्गात.

एवढंच कसं? धरमपेठेतल्या मोठ्या लोकांच्या शाळेत जाऊन सांगू का, आमच्या घरी सुताची पेज पिल्ली? सगळे मायबाप बसले राहतील. या गोष्टीचाच मले वीट आहे. माही आजी हे सांगता सांगता रडे, अन् मी तेव्हापासून लाजून राहिली.

साक्षीदार नंबर तीन म्हणून माहं नाव लागलं. नंबर एक अन् दोन वर्गातलेच, चार्ट घेऊन बोलणार. जिवंत साक्षीदार मी एकटी. म्हणजे खटला माह्यावरच आहे.

१९ जुलै, शनिवार. दुपारी.
ठरलं. खळ नाही. माह्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं.

मी सहा वर्षांची. कामठीत ओसरीवर बाबा लुगडं विणून राहिले. गोरा साहेब आला. बूट घातलेला. काही बोलला नाही, सीधी मागाले लाथ मारली. आडवं सूत फिरवायचा धोटा अंगणात जाऊन पडला. मी तो उचलून साहेबाच्या तोंडावर फेकला.

काजलनं लिहिणं थांबवलं. म्हणे, आजी, हे खरंच लिहू? लिही म्हटलं. म्हणे, मी तर समोरच्या पार्टीची आहे, तुम्ही मलेच सगळं सांगून राहिल्या. मी म्हटलं, घरात तू नात. वकिली शाळेत. लिहिताना हात चालते, कान नाही.

तिनं लिहिलं. पोट्टी भोळी आहे. असा वकील इंग्रजाले भेटला, हे आपलं नशीब.

२३ जुलै, बुधवार.
पोरगा सुशील लकडगंजच्या दुकानातून आला तशी त्याले साक्ष ऐकवली. म्हणे, माय, ही गोष्ट तू आजपर्यंत कधी सांगतली नाही. मी म्हटलं, तू कधी विचारलं? म्हणे, अन् कामठीत साहेब आला कुठून? मी म्हटलं, कामठीचं कँटोन्मेंट, गोऱ्या पलटणीची छावणी, काय तुह्या सासऱ्याची होती का गा? 

साक्षीत थोडी सुधारणा. साहेब घोड्यावर होता. घोडा काळा.

२७ जुलै, रविवार. सकाळी ११.
मयुरा आली. वरच्या मजल्यावर राहते, काजलच्याच वर्गातली. खटल्यात इंग्रज साहेब तीच आहे. पुठ्ठ्याची हॅट, बापाचा कोट. दोघींची तालीम माह्याच पलंगापाशी. साहेब म्हणे, आम्ही तुम्हाले रेल्वे देल्ली. मले राहवलं नाही. म्हटलं, रेल्वे आम्हाले फिरवाले नव्हती वं, आमचा कापूस बंदरावर न्याले होती. येताना त्याच डब्यात तुमचं कापड. काजलनं हे लगेच दुसऱ्या कागदावर लिहून घेतलं अन् मयुराले म्हणे, रेल्वेचं बोलूच नको, आपण फसतो.

माह्या एका वाक्यानं साहेबाची रेल्वे बंद. पहिल्या पेशीतच फाशी होते, मी सांगते तुम्हाले.

१ ऑगस्ट, शुक्रवार. रात्री जेवणानंतर.
हिरवं लुगडं इस्त्री करून ठेवलं. साक्षीत साहेबाचं नाव जॉन केलं. सोबत दोन शिपाई अन् एक कुत्रा. कुत्रा इंग्रजी.

काजल माह्या बाजूले येऊन बसली. म्हणे, आजी, हात जोडते, घोडा-बिडा सांगू नका. खळीची गोष्ट सांगा. त्याच्यावर मले एकही प्रश्न सुचून नाही राहिला. घोड्यावर मले विचारावं लागन.

वकील घाबरली. समोरच्या पार्टीचा सल्ला ऐकायचा नसते, एवढं मले शाळेत न जाता समजते. म्हटलं, झोप आता. उद्या हरायचं आहे तुले.

२ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळ.
डोकं दुखून राहिलं. तरी सांगते.

वर्ग भरलेला. मायबाप मागच्या बेंचांवर. न्यायाधीश एक चष्मेवाली पोट्टी, काळी ओढणी घेऊन. साहेब हॅट घालून खुर्चीत. नंबर एक-दोनचे चार्ट झाले, लोक फोन पाहून राहिले होते. मी उठली तशी फोन खाली गेले.

साक्ष मस्त झाली. घोडा आला, कुत्रा आला, लाथ बसली. धोटा फेकला तेव्हा मागून टाळी वाजली. प्रीती मॅडम मात्र टाळी वाजवून नाही राहिली. माह्याकडं पाहून राहिली, जसं बस चुकलेलं माणूस पाहते.

मग काजल उठली. मले वाटलं घोड्याचं विचारन. उत्तर तयार होतं. तिनं घोड्याचं नावच काढलं नाही. हळूच म्हणे, साक्षीदारानं आपल्या मायीच्या पहिल्या मतदानाची गोष्ट कोर्टाले सांगावी.

आता ही गोष्ट मी लग्नात सांगतली, बारशात सांगतली, बँकेच्या लायनीत सांगतली. कोणी विचारलं की थांबता येत नाही. सांगतली. देशाचं पयलं इलेक्शन. माय कामठीत मत द्याले लायनीत उभी, नऊ महिने भरलेले. लोक म्हणत, बाई, घरी जा. माय म्हणे, मत टाकल्याशिवाय हलत नाही. मत टाकलं, घरी आली, अन् त्याच रात्री मी झाली. म्हणून बाबा म्हणत, ही पोट्टी मतपेटीतून निघाली.

मी हसली. कोणीच हसलं नाही. न्यायाधीश बोटावर मोजून राहिली. मोजलं, पुन्हा मोजलं. मग म्हणे, इंग्रज सत्तेचाळीसले गेला. पयलं इलेक्शन त्याच्यानंतर चार-पाच वर्षांनी. साक्षीदार सहा वर्षांची होईपर्यंत साहेब काय घोड्यावरच बसून होता का?

आता सगळे हसले. काजल म्हणे, मले आणखी काही विचारायचं नाही. खाली पाहूनच म्हटलं तिनं.

मग मी खळीची गोष्ट काढली. घाईघाईनं. माही आजी, तिची माय, मीठ, उकळलेली खळ, तुटणारं सूत.  मागचे लोक अजून हसतच होते, त्यांले वाटलं हा दुसरा घोडा. न्यायाधीश म्हणे, साक्षीदाराचं एक खोटं सापडलं, बाकीचं नोंदवता येत नाही. मी म्हटलं, वं बाई, हे खरं आहे. ती म्हणे, पहिलंही तुम्ही असंच म्हणत होत्या.

निकाल: पुरावा अपुरा. इंग्रज सरकार निर्दोष.

बाकी दोन्ही तुकड्यांत साहेबाले जन्मठेप झाली. दुष्काळात झाली, मिठात झाली. सुटला तो कापडात. दीडशे वर्षांत नागपुरात इंग्रजाले कोणी सोडवलं असन तर कोष्ट्याच्या प्रयागबाईनं.

 ऑटो घराजवळ आला तेव्हा काजल म्हणे, खळीचं आधी सांगतलं असतं तर मीच हरली असती आजी. मले हरायचं होतं.

मी ऑटोवाल्याले पैसे देल्ले.

३ ऑगस्ट, रविवार. दुपारी.
उत्कृष्ट वकील म्हणून काजलले पदक. तिनं ते दप्तरातून काढलं नाही. सुशीलनं काढून टीव्हीवर अडकवलं. सरितानं पोट्टीच्या कौतुकात कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या. काजलनं एकच खाल्ली अन् वही घेऊन बसली. म्हणे, सांगा.

काय सांगू? काही नाही. मयुरा आली. हॅट घालूनच. पाय वर घेऊन माह्या पलंगावर बसली. सरिताचे हात तेलात होते, तर ताट मलेच न्यावं लागलं. सुटलेला साहेब म्हणे, आजी, फर्स्ट क्लास, अजून दोन.

देल्ल्या. चटणीही मागितली. तीही देल्ली.