अळणी वरण

बाबा, आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठी झाले आहे, तेव्हा मध्येच आवाज चढला तर चालवून घ्या. तीस वर्षं तिसरीच्या वर्गापुढे उभी राहिलेल्या बाईला हळू बोलता येत नाही, आणि तुम्हीही काही कमी नव्हतात, भांड्यांच्या खणखणाटावर आवाज काढायचात. आज सकाळी रक्त द्यायला गेले होते. नेहमीचंच, दर काही महिन्यांनी गोळीचं रक्तातलं प्रमाण बघतात, किडनी बघतात. सुई टोचणाऱ्या मुलीनं कागद वाचला आणि हळूच विचारलं, काकू, ही गोळी तुम्ही केव्हापासून घेता? म्हटलं, तुझी आई शाळेत जात असेल तेव्हापासून. मग ती स्टूल ओढून बसलीच. तिच्या मोठ्या बहिणीला हीच गोळी नुकती सुरू झाली आहे, आणि हात थरथरतात म्हणून ती घ्यायला तयार नाही. मी तिला पंधरा मिनिटं जे जे सांगितलं, ते सगळं तुमचं होतं. ऑटोत बसल्यावर हे माझ्या लक्षात आलं, आणि घरी येईपर्यंत मला तुमचा रागही आला, की इतक्या लवकर जायची एवढी काय घाई होती.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा उन्हाळा. सक्करदऱ्याला आपल्या दोन खोल्या, मागे अंगण, आणि पुढच्या पडवीत तुमची खानावळ, आई गेल्यापासून तुम्ही एकट्यानं चालवलेली. मी तेवीस वर्षांची, शाळेत लागून जेमतेम दोन वर्षं झालेली. त्याआधीच्या पावसाळ्यात चार महिने मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि संक्रांतीनंतर सगळं उलटं झालं. झोप उडाली, आठवडाभर बोलतच सुटले, आईची लुगडी रस्त्यानं जाणाऱ्या बायकांना वाटून टाकली, आणि एका सकाळी शाळा भरायच्या आत सगळ्या वर्गांच्या भिंतींवर खडूनं पाढे लिहून काढले. दोन ते तीस, एकही चूक नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी भिंती पुसून घेतल्या आणि मला रजा दिली. जूनमध्ये ठीक होऊन आलीस तर ये, नाहीतर मला जागा भरावी लागेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. शेजारपाजारच्यांनी तुम्हाला नाही नाही ते उपाय सुचवले. तुम्ही सगळ्यांना चहा पाजलात आणि मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलात.

गोळ्या सुरू झाल्या आणि मला वाटलं, आजार परवडला. तोंडात सदा लोखंडी खिळा चघळत असल्यासारखी चव. पोटात मळमळ. तहान अशी की अख्खा माठ माझ्याच नावावर करावा, आणि प्यायलेलं पाणी बाहेर काढायला दर अर्ध्या तासानं अंगणापलीकडच्या संडासाकडे धाव, जिथं सकाळी तुमच्या खानावळीतले लोक टमरेल घेऊन रांगेत उभे. लाजेपायी मी पाणी प्यायचंच सोडून देणार हे तुम्ही ओळखलंत. रांगेपुढे जाऊन तुम्ही जाहीर केलंत, "पहिला नंबर बाईचा. ज्याले पटत नसन त्यानं दुसरी खानावळ पाहावी." मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं, पण त्या दिवसापासून मी पोटभर पाणी प्यायले. हातातली कपबशी तर अशी वाजायची की पडवीतले लोक वळून बघत. तुम्ही कपबशी माळ्यावर टाकलीत आणि जाड बुडाच्या पितळी पेल्यात अर्धाच चहा देऊ लागलात. "अर्धा अर्धा दोन डाव पी, पण पी." उपाशीपोटी घेतली की गोळी उलटून पडते हेही तुम्ही माझ्या आधी ताडलंत, भाकरीचे चार घास पोटात गेल्याशिवाय डबी हातात येत नसे. तोंडाच्या चवीवर संत्र्याची फोड, संत्री संपली की बडीशेप. यातलं बरंचसं काही आठवड्यांत कमी होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण मला ते आठवडे निघत नव्हते. सगळ्यात जास्त सलायचं ते डोक्यातला वेग गेल्याचं. सतराचा पाढा म्हणायला गेले तर मध्येच अडकायची आणि रडायची. तुम्ही इतकं करत होतात, आणि मी मनात रोज म्हणायची, या गोळ्या एकदाच्या बंद होऊ देत.

रामनवमीला तुम्ही रामटेकला जाऊन आलात आणि चपला काढता काढता सांगितलंत, पोरगी शाळेत रुजू होईस्तोवर मीठ सोडलं. खानावळवाल्यानं मीठ सोडायचं! पळीतलं वरण तळहातावर घ्यायचं, जिभेला लावायचं आणि कढईभर भाजी सावरायची, यावर तर आपलं घर चाललेलं. आता चाखणार कोण? मीच. "बाई, पाह्य वं जरा, मीठ बराबर हाय का?" मी जिभेला लावायची, खिळ्याची चव लागायची, आणि मी म्हणायची, "बराबर हाय, बाबा." अंदाजानं दिवस निघत होते. मग एकदा तुम्ही चुलीपाशी बसून अळणी पिठलं खाताना दिसलात. तोंड वाकडं न करता, प्रत्येक घासावर पाण्याचा घोट. त्या दिवसापासून मीही मीठ सोडलं. तुम्ही पडवीत वाढायला गेलात की तुमच्या वेगळ्या अळण्या गंजातलं, त्या छोट्या पातेल्यातलं, ताटात घ्यायची, आणि भाजी चाखायची म्हणजे पळी ओठांपर्यंत नेऊन नुसती मान हलवायची.

वैशाख लागला होता. बसल्या जागी अंगातून घामाच्या धारा. दहा-बारा दिवसांत हातांचं थरथरणं गेलं आणि ते चक्क उडायला लागले. उलट्या, जुलाब, चालताना भिंतीचा आधार. तुम्हाला वाटलं ऊन लागलं, तुम्ही कांदा फोडून हुंगायला दिलात. त्याच दुपारी पडवीतून तारऑफिसातले काका, आपले सगळ्यात जुने जेवणारे, ओरडले, "अहो मालक, आज तिसरा दिवस हाय, वरणात मीठच नाही!" तुम्ही पळी हातात घेऊन आत येता. "तू चाखलं होतं ना?" तुम्ही माझ्या ताटाकडे बघता, मग तुमच्या गंजाकडे, तर तो अर्धा रिकामा. "काहून वं बाई? काहून सोडलं तू मीठ?"

"तुम्ही सोडलं म्हणून," मी म्हणते, पण जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत मिसळतात, आणि तुमचा चेहरा पांढरा पडतो. जेवणारे ताटांवर तसेच, आणि तुम्ही सायकलरिक्षा बोलावून मला घेऊन निघालात.

डॉक्टर आपल्यावर चिडले. मीठ कमी झालं की ही गोळी अंगात साठत जाते, त्यात हा घाम आणि जुलाब. पहिल्याच दिवशी बजावलं होतं ना, मीठ-पाणी नेहमीसारखं ठेवा म्हणून? तुम्ही हात जोडलेत. "मी तवा पर्चीच्या रांगेत होतो, साहेब. पोरीले समजलं नसन. तिनं माह्यासाठी सोडलं." मी पांघरूण तोंडावर ओढलं. सलाईन लागली, गोळ्या थांबल्या. चार-पाच दिवसांनी रक्त पुन्हा तपासलं आणि थोड्या गोळ्यांवर नव्यानं सुरुवात करायचं ठरलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मले नको त्या गोळ्या आता." तुम्ही दोन ताटं वाढलीत, दोन्हींत वरणभात, दोन्हींत कडेला मीठ, आणि माझ्यासमोर मांडी घातलीत. "अन् नवस?" मी विचारलं. "रामाले मी समजावून सांगीन. तो ऐकते. तुहं रक्त नाही ऐकत कोणाचं." पहिल्या घासालाच तुमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तुम्ही म्हणालात, "खारट झालं वाटते." झालं नव्हतं. मग भात कालवता कालवता म्हणालात, "शाळा उघडून एक महिना होऊ दे. तवर गोळी खाय. मंग नाहीच पटलं तर आपण दोघं जाऊन डॉक्टरले सांगू. पण लपून काही नाही करायचं, बाई. तूही नाही, मीही नाही."

जूनमध्ये मी फळ्यासमोर उभी राहिले. हात थरथरत होता, पण बारीक. उजवं मनगट डाव्या हातानं धरलं आणि तारीख लिहिली. अक्षर शेवयांसारखं आलं. वर्गातल्या पोरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मी पुढे काय लिहिणार म्हणून ती वाट बघत बसली. त्यांना काहीच विशेष वाटलं नाही, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली. महिना झाला तेव्हा तुम्ही विचारलंत, "जायचं का डॉक्टरकडं?" मी म्हटलं, "जायचंच हाय, रक्त द्याले." तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. मळमळ गेली, तोंडाची चव परतली, सतराचा पाढाही परतला. तहान राहिली, पोलक्यांच्या शिवणी दोनदा उसवाव्या लागल्या, आणि चहा मी अजून अर्धाच पेला घेते. पण जागा भरावी लागली नाही. तीस वर्षं ती माझीच होती.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणून तर लिहिता येतंय. डॉक्टरांचं पहिल्या दिवशीचं बोलणं मला नीट समजलं होतं, बाबा. मीठ सोडलं तर काय होतं, हे मी त्यांना उलटून विचारलंही होतं, आणि गोळी बाधते, असं त्यांनी सांगितलं होतं. तुमच्यासाठी सोडलं हे खोटं नाही. पण बाधली तर बंद करतील, हेही मनात होतं. इतकी बाधेल हे ठाऊक नव्हतं. माह्या पोरीनं माह्यासाठी मीठ सोडलं, असं तुम्ही साऱ्या सक्करदऱ्याला सांगत राहिलात आणि मी खाली मान घालून ते कौतुक घेत राहिले. त्यानंतर सात वर्षं तुम्ही होतात, सांगायला दिवस कमी नव्हते. लपून काही करायचं नाही असं म्हणालात, तेव्हा तुम्हाला कळलेलं होतं का, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही हो म्हणाल या भीतीनं विचारलं नाही.